उजव्या हाताचे टक्के

म्हैसूर,
गुरुवार, दुपार

प्रिय दादा,
आणि हे तुला वाचून दाखवणाऱ्या वहिनींना नमस्कार.

वहिनी, आधी तुमच्याशी बोलतो. अक्षर बघून थांबू नका, त्याचं पुढे येतंय. हे पत्र दादा जेवून उठल्यावर वाचा, टेम्पो स्टँडवर चार लोकांत नको. आणि मधल्या ओळी गाळू नका. मी हुबळीची नोकरी सोडल्याचं लिहिलं होतं ते तुम्ही आठ दिवस गाळून ठेवलं होतंत, मला कळलं नंतर. तुम्ही भल्यासाठीच केलंत. पण या वेळी सगळं वाचा.

दादा, मागच्या बुधवारी एसटीडी बूथवरून तुझ्याशी बोललो तेव्हा काचेबाहेर चार माणसं उभी होती आणि समोर लाल आकडे पळत होते. तू विचारलंस किती टक्के देतायत, मी म्हणालो सोमवारी बोर्ड आहे, तेव्हा कळेल. मग तू विचारलंस हात कसा आहे. मी सवयीने बरा आहे म्हणालो, तर तू लगेच आवाज खाली आणून म्हणालास, बरा आहे असं कुणाकडं बोलू नकोस. मी हसलो आणि फोन ठेवला. बाहेर आलो आणि तिथंच कट्ट्यावर बसून राहिलो. फोनवर जे सांगायचं होतं ते सव्वीस रुपयांत बसणारं नव्हतं. सोमवारी काय झालं ते मी शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर तू पुढचं ऐकून घेणार नाहीस, मी तुला ओळखतो.

अपघाताचं तुला मी नीट कधी सांगितलंच नाही. कार्डावर मशीनमध्ये हात सापडला एवढंच डाव्या हाताने खरडलं होतं. बेळगोळच्या शेडमध्ये आम्ही स्टीलच्या डब्यांची झाकणं काढतो. पत्रा सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून ठोका पडतो, झाकण तयार. प्रेसच्या पुढे एक जाळी असते. ती खाली आल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण जाळीच्या वरखाली होण्यात दिवसाला दोनशे झाकणं कमी पडतात आणि आम्हाला पैसे झाकणावर. म्हणून सगळेच जाळी तारेने वर बांधून टाकतात आणि आतली खिटी दाबून ठेवतात. माझी मी बांधली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्याच आठवड्यात शेजारच्याची बघून बांधली. चार महिने काही झालं नाही. आषाढात एक दिवस पत्रा तिरका गेला म्हणून मी सरळ करायला हात घातला आणि पाय आपला पॅडलवरच. पाय आणि हात एकाच माणसाचे, तरी त्यांना एकमेकांचं कळलं नाही बघ.

तर्जनीचं टोक गेलं. मधल्या बोटाच्या आणि अंगठ्याच्या शिरा तुटल्या, त्या डॉक्टरांनी जोडल्या. सहा आठवडे हात गळ्यात. पट्टी काढली तेव्हा पंजा लाकडी पळीसारखा ताठ, चमचा ठेवला तर घरंगळून खाली. तेव्हा आमच्या ठेकेदाराचा मॅनेजर नरसिंहमूर्ती, सगळे त्याला मूर्तीच म्हणतात, मला स्वतःच्या स्कूटरवर बसवून जयलक्ष्मीपुरमला घेऊन गेला. एका बंगल्याच्या तळमजल्यावर ऑक्युपेशनल थेरपीचं सेंटर आहे. आठवड्याला तीन वेळा यायचं, एकूण साठ वेळा, दर वेळचे चाळीस रुपये ठेकेदार देणार, असं तो म्हणाला. दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कार्डावर तुला लिहिलंही, की इथली माणसं देवमाणसं आहेत. वहिनींनी ते वाचलं असेल.

सेंटर म्हणजे मला आधी बालवाडीच वाटली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर कडी, कोयंडा, नळ, कुलूप, स्विच, शर्टाच्या गुंड्या, बुटाची नाडी. एका कोपऱ्यात शेगडी आणि पोळपाट. तिथल्या बाई वनजा मॅडम. त्या हातापायांचा नुसता व्यायाम करवत नाहीत. तुम्ही रोज काय काम करता ते विचारतात आणि तेच काम तुकड्यातुकड्याने परत करायला लावतात. पहिल्या दिवशी मी कानडीत अडखळायला लागलो तर म्हणाल्या, अरे मराठीत बोल की, मी पण मराठीच, पण माझी ऐकून हसायचं नाही. त्यांचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. त्यांची मराठी ऐकायला मजा येते. निम्मं वाक्य आपल्यासारखं जातं आणि निम्म्यावर कानडी दार उघडून आत येतं. स्वल्प वाकव, आणखी स्वल्प, आयतु, आता सुम्ने बस. आयतु म्हणजे झालं, सुम्ने बस म्हणजे गप बस. हे मला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागायचं, कारण तुला माहीतच आहे, मी एका जागी बसणाऱ्यातला नाही. कोल्हापूरचं हॉटेल, सांगलीचा रसाचा गाडा, लॉरीवरची क्लिनरगिरी, हुबळी, सगळीकडून मी उठून आलो. इथं मात्र तीन तीन तास कणकेसारखा एक गोळा दाबत बसायचं. पाय नुसते पळायला बघायचे.

मॅडमनी विचारलं होतं, तुझ्या हाताला काय काय आलं पाहिजे. मी म्हणालो, प्रेस. म्हणाल्या, ते तुझ्या मूर्तीला पाहिजे, तुला काय पाहिजे. मग एकदम बोलून गेलो, सही.

का बोललो ते तुला ठाऊक आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या गिरणीच्या फंडाचे पैसे आणायला आपण सांगलीला गेलो होतो. मी नऊ वर्षांचा, चौथीत. तू सतरा. कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलला. तू अंगठा दिलास. मग मला पुढे ढकलून म्हणालास, माझा भाऊ सही करतो, त्याची पण घ्या. एवढ्या पोराच्या सहीला किंमत नसते हे त्याला माहीत होतं, तरी त्याने कागदाच्या कोपऱ्यात करू दिली. मी पूर्ण नाव लिहिलं, खंडोजी, शेवटच्या जीची वेलांटी जरा जास्तच लांब ओढली. तू तिकडे बघत होतास. मिरजेला उतरेपर्यंत तू अंगठा मुठीत धरून ठेवला होतास. ते मी कधी बोललो नाही तुझ्याशी. पुढे सातवीनंतर मी शाळा सोडली तेव्हा तू मारलं नाहीस, नुसता दोन दिवस जेवला नाहीस, तेही मला आठवतं.

तर मॅडमनी मला सही करायला बसवलं. पहिले पंधरा दिवस पेन्सिलीला चिंध्या गुंडाळून जाड केली होती. नुसत्या रेघा. मग गोल. मग ख.

माझ्या शेजारी एक म्हातारे बसायचे, दत्तोजीराव. एक अंग वाऱ्याने गेलेलं. पोलिसात होते, मिशा अजून तशाच. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, मिरजेचा म्हणजे तू अस्सल, आम्ही घरातल्या घरात बोलून राखलेले मराठी, आमचे पणजोबा घोड्यावर बसून आले, तू कशावर आलास. मी म्हणालो, कांद्याच्या लॉरीवर. तेव्हापासून ते मला कांदेराव म्हणतात. त्यांचं काम होतं शर्टाच्या गुंड्या लावणं. पाच गुंड्यांना पाऊण तास लागायचा. वैतागले की गुंडीला पोलिसी शिव्या द्यायचे, त्या मात्र कानडीत.

एकदा त्यांचा मुलगा मॅडमशी भांडायला आला. गुंड्या लावायला शिकवायचे चाळीस रुपये कशाला, घरी गडी आहे तो लावतो, असं त्याचं म्हणणं. मॅडम चिडल्या नाहीत. खुर्ची दिली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. वडिलांची आंघोळ आणि कपडे करायला ठेवलेला गडी, महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे. इकडे आठवड्याला तीन वेळा, आठ आठवडे, नऊशे साठ. आठ आठवड्यांनी ते आपले आपण आंघोळ करून कपडे घालतील, मग गडी कशाला. मुलगा पैसे देऊन गेला. मला मॅडमचं फार कौतुक वाटलं. आणि तसंच झालं बघ. आठवा आठवडा संपला, दत्तोजीराव पाच मिनिटांत गुंड्या लावायला लागले, मुलाने गडी काढला, आणि त्याच दिवशी त्यांचं सेंटरला येणंही बंद केलं.

म्हाताऱ्यांना पाहिजे होतं निराळंच. त्यांची बहीण वरुण्याला राहते. एकट्याने बस पकडून तिच्याकडे जायचं, एवढंच ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. मला म्हणाले, कांदेराव, माझ्या गुंड्यांचा हिशेब फळ्यावर बसला, बसचा बसला नाही. मॅडमनी मग एका रविवारी आम्हा दोघांना मिळूनच पाठवलं, फी न घेता. त्यांनी दांडा धरून चढायचं, मी उजव्या हाताने सुटे पैसे मोजून तिकीट काढायचं. कंडक्टर आमच्यावर ओरडत होता आणि दत्तोजीराव त्याच्यावर. वरुण्याला बहिणीने उसाची कांडकी पुढे ठेवली. मी कोयता उचलला आणि सोलत बसलो, बोलता बोलता. थोड्या वेळाने बघतो तर म्हातारे माझ्या हाताकडे बघतायत. कोयता उजव्या हातात होता. म्हणाले, सेंटरमध्ये हा झोपलेला असतो ना रे.

दादा, आता तो भाग येतोय.

मूर्ती दर शनिवारी सेंटरमध्ये यायचा आणि मॅडमना एकच विचारायचा, किती टक्के सुधारला. मी आपला खूश, की माझी चौकशी करतोय. मग शेडमधल्या एकाने मला समजावून सांगितलं. हात जेवढा निकामी, तेवढी नुकसानभरपाई जास्त. सरकारी बोर्डाने साठ टक्के निकामी लिहिला तर ठेकेदाराला एक लाख अठरा हजार द्यावे लागणार. वीस टक्के लिहिला तर एकोणचाळीस हजार. म्हणजे माझ्या बोटांवर घातलेल्या चोवीसशे रुपयांतून त्याचे एकोणऐंशी हजार वाचणार होते. त्या दिवशी घरी येताना मी उजवा हात खिशात घालून आलो. जणू मूर्तीचीच काही वस्तू माझ्याजवळ ठेवायला दिली होती.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. वहिनींच्या अक्षरात, पण शब्द सगळे तुझे. टेम्पो बघितलाय, जुना पण इंजिन चांगलं, एक लाख दहा हजार. भिशीचे दहा हजार इसार म्हणून देऊन टाकले. शिवरात्रीपर्यंत बाकीचे दिले नाहीत तर इसार बुडणार. दोघे भाऊ मिळून चालवू, दुसऱ्याच्या गाडीवर आयुष्य काढलं, आता पाटीवर आपलं नाव. आणि डॉक्टरसमोर बोटं वळवू नकोस. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं. सर्वात खाली वहिनींनी स्वतःची एक ओळ घातली होती. भावजी, हात सांभाळा. दादा, ती ओळ तुला वाचून दाखवली नसणार त्यांनी.

तर मी बोटं वळवायची बंद केली. तुला वाटेल ते सोपं असतं. सुटलेलं बोट ताठ ठेवणं फार कठीण काम आहे. ग्लास पुढे आला की ते आपोआप वाकायला बघतं. मॅडम कंपासपेटीतल्या अर्धगोलासारखं एक माप बोटाच्या सांध्याला लावतात आणि किती वाकलं ते वहीत लिहितात. आकडा रोज वाढत होता तो थांबला. मग दोन अंश मागे आला. मूर्तीचं तोंड उतरलं. मी मनात म्हणायचो, आणखी थोडे दिवस. सेंटरमध्ये सहीसुद्धा मुद्दाम वाकडी करायचो. एकदा ख नीट आला तर घाबरून खोडला.

पण घरी राहवायचं नाही. मी ज्या तुंगम्माकडे खोली घेतली आहे ती उदबत्त्या वळते. काळ्या मसाल्याची गोळी काडीवर ठेवायची आणि तळव्याने फळीवर पुढे मागे फिरवायची. हजाराला दहा रुपये. दुपारचा बसून कंटाळलो की मी तिच्यासमोर बसायचो. आधी डाव्याने, मग दोन्हीने, मग नुसत्या उजव्याने. पहिल्या दिवशी चाळीस झाल्या, त्यातल्या तीस तिने मोडून परत मसाल्यात टाकल्या. मागच्या महिन्यात मी एका दिवसात आठशेवर गेलो. तुंगम्मा म्हणते, तू प्रेस सोड आणि माझा जावई हो. तिला मुलगी नाही, नुसतं म्हणते.

एका सकाळी सेंटरमध्ये मॅडमनी हात हातात घेतला आणि उलटा केला. बोटांच्या आतल्या पेरांवर, बरोबर जिथं बोट मुडपतं त्या घडीत, काळ्या मसाल्याच्या रेघा बसल्या होत्या. जी बोटं वाकत नाहीत त्यांच्या घडीत मसाला जाणार कसा. मी बाहेरून हात घासून धुतला होता, आत बघितलंच नव्हतं. मॅडमनी वास घेतला. म्हैसूरच्या बाईला तो वास ओळखायला काय लागतं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी तांब्यात कोमट पाणी आणलं, साबण लावला आणि एकेक घडी उघडून स्वतःच्या अंगठ्याने धुतली, पेर पेर. मग माप लावलं. मी बोट ताठच ठेवलं, कारण तोवर मला दुसरं काही करताच येईना. त्यांनी तोच आकडा वहीत लिहिला.

जाताना मी विचारलं, मॅडम, मी काय करू. त्या म्हणाल्या, तू दाखवतोस ते मी मापते, मी मापते ते मी लिहिते, तुला कर पण म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही. मग त्यांच्या छापील कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडून दिला, दत्तोजीरावांच्या मुलाला दिला तसा. ताठ हात, एकोणऐंशी हजार जास्त. पण ताठ हाताचा माणूस वॉचमन होणार, नाहीतर झाडूवाला, महिन्याला हजार रुपये कमी. एकोणऐंशी महिन्यांत ते जास्तीचे संपले. म्हणजे साडेसहा वर्षं. मी तेवीसचा. तिशीच्या आत मी ते सगळे खाल्लेले असणार आणि हात मात्र तसाच. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती, की बोट मुद्दाम ताठ ठेवलं तर काही महिन्यांनी ते खरंच ताठ होतं, मग ठरवूनही वाकत नाही.

तो कागद खिशात घेऊन मी फिरत होतो. हिशेब चुकलेला नाही हे मला कळत होतं. पण त्यात टेम्पोच्या पाटीवरचं तुझं नाव कुठं मांडणार. आणि खरं सांगू का दादा, त्यात आणखी एक गोष्ट नव्हती. टेम्पोत तू चालवणार आणि मी शेजारी. ताठ हाताचा भाऊ, ज्याच्या हाताची गाडी झाली. जिथं जाईन तिथं लोक आधी गाडीकडे बघणार, मग हाताकडे. मला तिथून उठून जाता आलं नसतं. इथूनही येत नव्हतं. रस्त्याने चालताना सुद्धा मी हात अंगाशी धरून चालायचो, कुणी बघितलं तर.

सोमवारी सकाळी मूर्ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर आम्ही अकरा जण. प्रत्येकाने आपलं जे काय गेलेलं होतं ते जरा पुढे काढून ठेवलेलं. माझा नंबर आला. दोन डॉक्टर, एक कारकून. डॉक्टरांनी हात दाबला, वाकव म्हणाले, मी वाकवला नाही. मधलं बोट त्यांनी स्वतः वाकवून बघितलं, मी दात दाबून ताठ धरलं. एक डॉक्टर दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, त्यातला साठ मला कळला. झालं होतं दादा. तुझा टेम्पो झाला होता. फक्त अर्जावर माझी निशाणी राहिली होती. कारकुनाने हाताकडे एक नजर टाकली, टेबलावरचा जांभळा पॅड माझ्यापुढे सरकवला आणि मान वर न करता म्हणाला, हेब्बेट्टु हाकप्पा. म्हणजे अंगठा लाव बाबा.

मी काही ठरवलं नव्हतं. तू हे मान किंवा मानू नकोस. पॅड पुढे आला आणि मला तुझी मूठ दिसली, सांगलीपासून मिरजेपर्यंतची. कारकुनाच्या खिशातलं पेन मी काढलं, उजव्या हाताने, आणि पूर्ण नाव लिहिलं. जीची वेलांटी लांब ओढली. वर बघितलं तर तिघेही माझ्या बोटांकडे बघत होते. डॉक्टर चिडले नाहीत, हसले. मग त्यांनी मला पेन उघडायला लावलं, बंद करायला लावलं, नाणं उचलायला लावलं, गुंडी काढायला लावली. मी सगळं केलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी बावीस टक्के लिहिले. बाहेर आल्यावर मूर्तीने माझा हात हातात घेऊन जोराजोराने हलवला आणि येत्या सोमवारपासून प्रेसवर ये म्हणाला, तीच प्रेस. आणि जाता जाता, सेंटरला आता जायची गरज नाही, बारा वेळा राहिल्या होत्या त्या रद्द केल्यात, असंही सांगून गेला. तर्जनी अजून पुरती वळत नाही. पण ठेकेदाराचं काम झालं.

म्हणून हे पत्र. टेम्पोवाल्याला शिवरात्रीच्या आधी तूच जाऊन सांग, त्याने येऊन तुझ्या दारात विचारण्याआधी. मला त्रेचाळीस हजार मिळतील. त्यातले दहा तुझ्या इसाराचे, ते मिळाले की त्याच दिवशी पाठवतो. बाकीच्यातून जुना टेम्पो येत नसेल तर तीनचाकी बघ. त्यावर तुझं एकट्याचं नाव घाल, माझं नको. सेंटरच्या उरलेल्या बारा वेळा मी उदबत्त्या वळून पुऱ्या करणार आहे. दर वेळेला चार हजार काड्या पडतात, मोजून बघितलं. सोमवारी प्रेसवर गेलो की आधी जाळीची तार सोडणार. दोनशे झाकणं कमी होतील, मूर्ती बोलेल, मला किती दिवस ठेवून घेईल ठाऊक नाही. तू रागावलास तर दोन दिवस उपाशी राहू नकोस, वहिनींनाही त्रास होतो. आणि वहिनी, पत्र वाचून झालं की हे शेवटचं पान दादाच्या हातात द्या. दादा, तुला वाचता येत नाही, पण खाली जे लिहिलंय ते तू ओळखतोस. सरळ धर, वेलांटी उजवीकडे येईल.

तुझाच,
खंडोजी